बसायचं, पण कुठे?

मराठीत दारू पिण्याला सभ्य शब्द नाही, म्हणून आपण 'बसतो'. "आज बसायचं का?" एवढं विचारलं की पुढचं सगळं समोरच्याला कळतं. कोण कोण येणार, गाडी कुणाची, घरी काय सांगायचं. गंमत अशी की या बसण्यात प्रत्यक्ष बसण्याचा विचार कुणीच करत नाही. खुर्ची कशी आहे, समोर काय दिसतं, वारा येतो का, हे प्रश्न नाहीतच. नाशिकमधल्या बहुतेक परमिट रूममध्ये समोर भिंत असते, भिंतीवर टीव्ही आणि टीव्हीवर आवाज बंद करून लावलेली कुठली तरी मॅच. काचांना काळी फिल्म. दुपारी तीन वाजताही आत रात्रच. बाहेर डिसेंबरचं कोवळं ऊन वाया चाललेलं असतं आणि आत एसी लावून माणसं कुडकुडत शेंगदाणे खात असतात.

दारू चांगली की वाईट, या वादात मला पडायचं नाही. तो वाद आपल्याकडे पुष्कळ झाला आणि पिणारे पीत राहिले. माझं म्हणणं जागेबद्दल आहे. ज्या शहरात लोक पिणारच आहेत, त्याने त्यांना उजेडात, मोकळ्या हवेत, चारचौघांत बसवावं. आणि त्याच जागी, त्याच सूर्यास्तासमोर, चहा पिणाऱ्यालाही तेवढ्याच मानाने बसता यावं. नाशिकला हिवाळ्याची हवा आहे, पाणी आहे, डोंगर आहेत, द्राक्षांचे मळे आहेत. एवढं असूनही पिणारा अंधारात आणि न पिणारा फाटकाबाहेर, अशी आपली व्यवस्था आहे.

अंधाराचं कारण कायद्याच्या पोटात आहे. आपल्याकडे अजून १९४९ चा दारूबंदी कायदाच चालतो. म्हणजे मुळात सगळ्यांना बंदी आणि परवाना असेल त्याला सूट. परमिट रूम हे नाव त्यातूनच आलं. कायद्याप्रमाणे प्रत्येक घोटाला परवाना लागतो, अगदी घरी बसून प्यायलात तरी. एका दिवसाचा परवाना विदेशीला पाच रुपये, देशीला दोन. बिअर-वाईनला वयाची एकवीस वर्षं, कडक दारूला पंचवीस. परवाना कशासाठी, याचं कारणही त्यावर असतं: आरोग्यरक्षण! ज्या गोष्टीची सुरुवातच 'बंद आहे, पण तुमच्यापुरती चालवून घेतो' अशी होते, ती पडद्याआड जाणारच. बारचा परवानाही मंजूर नकाशातल्या जागेपुरता असतो. नकाशाबाहेर, समोरच्या लिंबाखाली चार टेबलं टाकून बिअर दिली तर मालक गोत्यात. मग तो कशाला खिडक्या उघडेल?

मी स्वतः उजेडात पहिल्यांदा बसले ती नाशिकपासून बऱ्याच दूर, गोव्यात, मोरजीच्या किनाऱ्यावर. वय तेव्हा चाळिशीला टेकलेलं. त्याआधी नवऱ्याबरोबर एकदा 'फॅमिली सेक्शन' नावाच्या प्रकारात गेले होते. वरच्या मजल्यावर, प्लायवुडच्या खोक्यात, पडदा ओढून. वेटर पडद्याबाहेर उभा राहून खाकरायचा आणि मग आत यायचा. आपण काही गुन्हा करतोय असं वाटायला लावणारी ती जागा होती, आणि तिथे मी लिंबूसोडाच प्यायले होते.

मोरजीला प्लॅस्टिकच्या खुर्चीचे मागचे दोन पाय वाळूत रुतले, म्हणून मी कायम थोडी आभाळाकडे कललेली. बांबूचे खांब, वर झावळ्या, समोर समुद्र. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब होतं. मुलगा, सून, दोन पोरं आणि नऊवारीतल्या आजी. मुलाच्या पुढ्यात बिअर. आजी बांगड्याचा काटा काढण्यात इतक्या गुंतलेल्या की मुलाकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मुलगा दीड तास एकाच बाटलीवर बसला. मध्येच उठून पोरांना लाटांपर्यंत नेऊन आणलं, परत आला, उरलेली संपवली. मला त्या टेबलावरून नजर काढवेना. आजी समोर बसली असताना माणूस वेगळ्या तऱ्हेने पितो. त्याला कुणी अडवत नाही, उपदेश करत नाही. तरी त्याचा हात आपोआप सावकाश चालतो. आपल्या परमिट रूममध्ये हेच नसतं: आजी नसते, पोरं नसतात, घड्याळ नसतं आणि बाहेर अंधार पडला की नाही हे कळायला खिडकीही नसते.

या शॅकची, म्हणजे किनाऱ्यावरच्या अशा खोपट्यांची, पद्धत मला नंतर कळली. किनारा सगळ्यांचा राहतो. त्यावर हंगामापुरती, मोडता येईल अशी खोपटी उभी करायची. परवाना स्थानिक गोवेकराला, तोही चिठ्ठ्या काढून. पावसाळा आला की सगळं काढून न्यायचं, समुद्राला त्याची वाळू परत. तुम्ही शॅकमध्ये बसा नाहीतर दहा पावलांवर पंचा अंथरून शेंगा खात बसा, सूर्य दोघांना सारखाच दिसतो. यात भानगडी नाहीत असं नाही. परवाना एकाच्या नावावर आणि धंदा दुसऱ्याचा, ही तक्रार तिथे जुनी आहे. काही किनाऱ्यांवर संगीताचा एवढा दणदणाट असतो की समुद्र मुका वाटतो. फुटक्या बाटल्या पायाला लागायला लागल्या तेव्हा २०१९ मध्ये किनाऱ्यावर उघड्यावर पिण्याला दंड बसवावा लागला. म्हणजे त्यांनीही फरक केला: शॅकमध्ये बसून प्या, वाळूत बाटली घेऊन हिंडू नका. मला हा फरक पटतो.

आता आपली गोष्ट. नाताळच्या सुट्टीत निम्मं नाशिक गोव्याला असतं. रात्रभर प्रवास करून तिथे पोचायचं आणि भर डिसेंबरात बत्तीस अंशांत घाम पुसत थंडगार बिअर मागवायची. हिवाळ्यात उघड्यावर बसण्याची खरी चैन आपल्या गावात आहे. दिवसा गुलाबी ऊन, संध्याकाळी सहाच्या आसपास सूर्य टेकला की अर्ध्या तासात शाल लागते. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर पाणी आधी तांबूस, मग जांभळं होतं. पलीकडे अंजनेरी, ब्रह्मगिरीच्या रेघा. आणि उघड्यावर बसायची सवय नाशिककराला नाही असंही कुणी म्हणू नये. रविवारी सकाळी मिसळ खायला आपण कुठे जातो? मळ्यात, लॉनवर, बाजेवर, झोपाळ्यावर. रस्सा गार झाला तरी चालेल, पण जागा झाडाखालीच पाहिजे. हुरड्याला तर शेतातच जातो. सकाळी अकरा वाजता ज्या माणसाला झाडाची सावली लागते, तोच रात्री आठ वाजता काळ्या काचेमागे कसा शिरतो, हे कोडं मला सुटत नाही.

काही जागा झाल्या, नाही असं नाही. राज्याने २००१ मध्ये वाईनसाठी द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. त्याच सुमारास सुला ही वाईनरी सुरू झाली होती आणि २००५ मध्ये त्यांनी मळ्याकडे तोंड करून टेस्टिंग रूम, म्हणजे वाईन चाखत बसायची जागा, उघडली. आज त्याचं काही वाटत नाही. पण तोवर महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय बाईला सज्जात बसून, दिवसाढवळ्या, पडद्याशिवाय एक ग्लास मागवता येईल अशा जागा किती होत्या? माझ्या भिशीतल्या ज्या बायका 'बार' शब्दाला नाक मुरडतात, त्यांनी तिथले फोटो कौतुकाने ग्रुपवर टाकलेत. वाईनपेक्षा जागेने त्यांना धीर दिला असं मला वाटतं. वरून आभाळ दिसत असलं की माणसाला आपण काही चोरून करत नाही असं वाटतं.

पण त्या पाठोपाठ दुसरी एक गोष्ट झाली. धरणाच्या आणि मळ्यांच्या बाजूला जिथून चांगलं दिसतं, तिथे एकेक फाटक आलं. मी सासूबाईंना घेऊन एका ठिकाणी गेले होते. रविवार होता. फाटकावर माणशी पैसे मागितले, आत काही घेतलं तर वळते होतील म्हणाले. सासूबाईंना चहा हवा होता. चहा नव्हता. 'कोल्ड कॉफी चालेल का आजींना?' जानेवारीत! आम्ही परत फिरलो आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावून, कुंपणाच्या तारांमधून तोच सूर्य बघितला.

कुणाच्या खाजगी जमिनीवर त्याने काय दर लावावा, यावर माझं काही म्हणणं नाही. त्याने गुंतवणूक केली आहे, तो वसूल करणार. पण धरण खाजगी नाही. १९६५ मध्ये ते पूर्ण झालं ते सरकारी पैशातून, लोकांच्या जमिनी पाण्याखाली घालून. ते पाणी आपण सगळे पितो. त्या पाण्याकडे तोंड करून बसायची एखादी तरी जागा अशी हवी की नाही, जिथे दहा-वीस रुपयांचा चहा घेतला तरी खुर्ची मिळेल? गोदाकाठी आपण गोदापार्कची स्वप्नं पाहिली, २०१६ च्या पुरात त्याची वाताहत झाली. रामकुंडाची गोष्ट वेगळी, तिथे भाविकांची गर्दी असते आणि असावी. पण निवांत बसायला नदीकाठ मिळत नाही हे खरं.

मग जे ग्लासाला चारशे-पाचशे मोजू शकत नाहीत आणि ज्यांना अंधारात बसायचं नाही, ते काय करतात? ते गाडीत बसतात. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं थर्मास घेऊन धरणाच्या मागच्या बाजूला, सावरगावकडे गेलो होतो. थोड्या अंतरावर एक पांढरी गाडी, डिकी उघडी, चार मुलं. डिकीत वर्तमानपत्र अंथरून त्यावर फरसाण, कापलेला कांदा, प्लॅस्टिकचे ग्लास. व्हिस्की आधीच कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिसळून आणलेली. आम्हाला बघून एकाने ती चटकन टायरमागे ठेवली आणि म्हणाला, "सॉरी काकू." मी म्हटलं, सॉरी कशाला, मी काय पोलीस आहे? मग जरा गप्पा झाल्या. नोकरीला लागून एक-दोन वर्षं झालेली मुलं, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली. "काकू, आत बसलं तर दोन हजार जातात. इथं सहाशेत चौघांचं होतं. आणि इथं आभाळ आहे." शेवटचं वाक्य त्याने हसत म्हटलं, पण मला ते लागलं. त्यालाही आभाळच हवं होतं.

निघताना मी विचारलं, गाडी कोण चालवणार? एकाने हात वर केला. "मी कमी घेतलीय." काठावर त्यांचे चार ग्लास पडले होते, त्यांच्याआधी आलेल्यांच्या बाटल्या होत्या, काही फुटलेल्या. हे सगळं शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या काठावर.

'कमी घेतलीय' हा माझ्या मते या विषयातला सगळ्यात गंभीर भाग आहे, आणि उघड्यावरच्या बारची तरफदारी करणारे याच्यावरून अलगद उडी मारतात. सुंदर जागा गावाबाहेर असतात. गावाबाहेर म्हणजे परत यायला पंधरा किलोमीटर, अरुंद रस्ता, पुढे चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरला मागचा दिवा नाही, आणि आमच्याकडे मध्येच बिबट्या. रक्तात १०० मिलिलीटरला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर गुन्हा, पहिल्याच वेळी दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कायदा कडक आहे. पण नाकाबंदी बहुतेक एकतीस डिसेंबरला दिसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको म्हणून सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी टेप घेऊन मीटर मोजले. गिऱ्हाईक घरी कसं जाणार, हे कुणी मोजलं नाही. मला विचाराल तर शहराबाहेरच्या जागेला परवाना देताना पहिली अट हीच घालावी. गिऱ्हाईक परत नेण्याची गाडी दाखवा, मग टेबलं मांडा. आठ-दहा जागांनी मिळून रात्री दर तासाला एक मिनीबस सोडली तरी पुष्कळ झालं. ज्याला ते परवडत नाही त्याने मिसळ विकावी, तोही चांगला धंदा आहे.

बाकी मला हवं ते फार मोठं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चार महिने. धरणाच्या पाण्यापासून बऱ्यापैकी मागे, उतारावर, बांबू आणि गवताची, काढून नेता येतील अशी खोपटी. परवाना धरणात जमिनी गेलेल्या गावांतल्या लोकांना, हवं तर चिठ्ठ्या टाकून. काचेची बाटली गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. वाईन आणि बिअर, बस्स. ज्याला कडक दारूचा खंबा हवा त्याने शहरात जावं. चहा आणि भाकरी-पिठलं ठेवलंच पाहिजे आणि चहावाल्यालाही पहिल्या रांगेत खुर्ची. डीजे नाही. आवाजाचे नियम रात्री दहाची मर्यादा सांगतात, मी तर नऊलाच दिवे मालवावेत म्हणेन, कारण तोवर थंडीच माणसाला उठवते.

यावर दोन आक्षेप हमखास येतील. पहिला, हे तीर्थक्षेत्र आहे, सिंहस्थ तोंडावर आहे, आणि तुम्ही गोदावरीकाठी दारू कसली मांडता? आक्षेप खोटा नाही, पण उशिराचा आहे. गोदावरीच्याच खोऱ्यात आपण वाईन करतो आणि 'वाईन कॅपिटल' म्हणून मिरवतो. मंडपाच्या शंभर पावलांवर काळ्या काचेचा बार चालतो, त्याची कुणाला अडचण होत नाही, कारण तो दिसत नाही. न दिसणारं पावित्र्याच्या आड येत नाही, असं काहीसं आपलं गणित आहे.

दुसरा आक्षेप बायकांचा, आणि त्याच्यापुढे मी मान तुकवते. गावोगाव बायकांनी 'उभी बाटली, आडवी बाटली'चं मतदान घडवून दुकानं बंद पाडली आहेत. त्यांना मी सूर्यास्ताच्या गोष्टी सांगायला गेले तर त्या मला हाकलून देतील, आणि बरोबर करतील. ज्या घरात पगाराच्या दिवशी निम्मा पगार क्वार्टरमध्ये जातो, तिथला प्रश्न बांबूच्या खोपट्याने सुटत नाही. मी तसा दावाही करत नाही. एवढंच म्हणते, की तो नवरा जिथे पितो ती जागाही अंधारी, उभ्याउभ्या घोट मारून बाहेर पडायची असते. तिथे बसणं नसतंच.

राहिला शेतकरी. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांत वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला, तेव्हा दोन्ही बाजू शेतकऱ्याच्याच नावाने भांडत होत्या. एक म्हणत होती त्याचं भलं होईल, दुसरी म्हणत होती त्याचं घर बुडेल. निर्णय बारगळला, शेतकरी होता तिथेच राहिला. नाशिकची बहुतेक द्राक्षं खाण्याची आहेत, वाईनची थोडी, हेही त्या गोंगाटात कुणी सांगितलं नाही.

माझा मावसभाऊ निफाडकडचा. त्याने काही वर्षं एका कंपनीशी करार करून वाईनची द्राक्षं लावली होती. २००८ नंतर मंदी आली, माल उचलेनात, त्याने वेली उपटून थॉमसन ही खाण्याची द्राक्षं लावली. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी त्याच्याकडे गेले. पारा उतरत होता. आम्हाला जी गुलाबी थंडी वाटते, तिने मण्यांना तडे जातात, माल गुलाबी पडतो. म्हणून त्याच्या बागेत घडाघडाला कागद गुंडाळलेला, आणि संध्याकाळीच ओळींच्या कडेला काटक्यांचे ढीग रचून ठेवलेले, पहाटे चारला पेटवायला. मी गंमत म्हणून वाईनची एक बाटली नेली होती. बांधावर शेकोटी केली, स्टीलच्या पेल्यांत ओतली. तेव्हा कळलं, की एवढी वर्षं ती द्राक्षं पिकवून त्याने वाईन कधी चाखलीच नव्हती. एक घोट घेऊन तो म्हणाला, "ताई, आंबटे गं. याच्यासाठी एवढा खटाटोप?" आणि पेला खाली ठेवून चहाची हाळी दिली.

मावशी बाजेवर घोंगडी पांघरून बसली होती. तिने हात पुढे केला. "बघू दे की काय ते." पश्चिमेला आभाळ अजून लाल होतं. तिने घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "काढ्यावानी लागतंय." पण पेला परत दिला नाही. दोन्ही तळव्यांत धरून, अंधार पडेपर्यंत, थोडा थोडा करत संपवला. परमिट आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.